वाचकांचे प्रश्न : खेळाडूंचा बहिष्कार आणि प्रशिक्षकाची पाठराखण

या महिन्यातील पत्रांपैकी चार पत्रे एकाच प्रकरणाभोवती फिरणारी आहेत, म्हणून या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे. प्रकरण अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाचे आहे. २ सप्टेंबर २०१६ च्या पहाटे, हंगामातील पहिला सामना संपून काही तास झाले असताना, अमेरिकन फुटबॉल संघातील काही खेळाडूंनी आपल्यावर लैंगिक अत्याचार केल्याची तक्रार एका विद्यार्थिनीने केली. ऑक्टोबरमध्ये हेनेपिन परगण्याच्या सरकारी वकिलांनी फौजदारी खटला न भरण्याचा निर्णय घेतला. विद्यापीठाच्या समान संधी कार्यालयाची स्वतंत्र चौकशी मात्र चालू राहिली आणि तिच्या निष्कर्षांनंतर १३ डिसेंबर रोजी दहा खेळाडूंना निलंबित करण्यात आले. १५ तारखेच्या संध्याकाळी उरलेल्या संघाने सराव आणि २७ डिसेंबरचा, हंगामाअखेरचा हॉलिडे बाऊल सामना या दोन्हींवर बहिष्कार जाहीर केला. त्याच रात्री मुख्य प्रशिक्षक ट्रेसी क्लेज यांनी ट्विटरवर लिहिले, की आपल्या मुलांचा इतका अभिमान आपल्याला यापूर्वी कधीच वाटला नव्हता, त्यांच्या हक्कांचा आपण आदर करतो आणि अधिक चांगले जग घडवण्याच्या त्यांच्या प्रयत्नाला आपला पाठिंबा आहे.

प्रश्न : मी आयुष्यभर मुलांना खेळ शिकवला. प्रशिक्षकाने अडचणीच्या वेळी मुलांची साथ सोडली, तर मुले पुन्हा त्याच्यावर विश्वास ठेवत नाहीत, हे मी अनुभवाने सांगतो. क्लेज यांनी मुलांच्या मागे उभे राहण्याचे धैर्य दाखवले आणि ३ जानेवारी २०१७ रोजी त्यांची नोकरी गेली. त्यांचे नेमके काय चुकले, हे मला अजूनही कळलेले नाही. आपण सांगाल का?

आपल्या पत्रातली कळकळ खरी आहे आणि तिच्यातला अर्धा भाग मला पूर्णपणे मान्य आहे. अठरा-वीस वर्षांची मुले घरापासून दूर राहतात, त्यांचा सगळा दिवस प्रशिक्षकाच्या वेळापत्रकावर चालतो, आणि संकट आले की ती आधी त्याच्याकडेच पाहतात. अशा वेळी प्रशिक्षकाने अंग काढून घ्यावे, असे मी कधीही म्हणणार नाही. प्रश्न एवढाच आहे, की मुलांच्या मागे उभे राहताना त्यांनी नेमकी कशाची पाठराखण केली.

त्या बहिष्कारात दोन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र मिसळल्या होत्या आणि त्या वेगळ्या करून पाहिल्याशिवाय या प्रकरणाचा उलगडा होत नाही. पहिली गोष्ट म्हणजे न्याय्य प्रक्रियेची मागणी. सप्टेंबरात काही खेळाडूंना काही सामने बाहेर बसवले गेले होते, खटला होणार नाही असे कळल्यावर प्रकरण मिटले अशी संघाची समजूत झाली होती, आणि डिसेंबरात अचानक दहा जण बाहेर गेले. का, हे कोणी सांगेना. क्रीडासंचालक मार्क कॉइल आणि विद्यापीठाचे अध्यक्ष एरिक केलर यांना ते सांगताही येत नव्हते, कारण १९७४ च्या संघीय कायद्यानुसार विद्यार्थ्यांच्या नोंदी गोपनीय ठेवाव्या लागतात. ज्या मुलांनी वर्षभर या सहकाऱ्यांबरोबर घाम गाळला, त्यांना या मौनाचा राग आला, यात नवल नाही. आरोपींना आपली बाजू मांडता आली पाहिजे, सुनावणी निःपक्षपाती झाली पाहिजे, असे ते म्हणत असतील, तर त्यात काहीही गैर नव्हते.

दुसरी गोष्ट वेगळी होती. निलंबन मागे घ्या आणि माफी मागा, अशीही त्यांची मागणी होती. ही मागणी प्रक्रियेविषयीची राहत नाही, तो थेट निकालच होतो, आणि तो निकाल ज्यांनी चौकशीचा कागद पाहिलेला नाही अशा मुलांनी दिलेला होता. त्यांना ते समजले नाही, हे मी त्यांच्या वयामुळे समजू शकतो. प्रशिक्षकाला मात्र हा फरक दिसायला हवा होता आणि तो मुलांना समजावून सांगणे हे त्याचे कामच होते.

पुढे काय झाले ते पाहिले, की हे अधिक स्पष्ट होते. बहिष्कार गुरुवारी संध्याकाळी जाहीर झाला. शुक्रवारी केएसटीपी या स्थानिक दूरचित्रवाणी वाहिनीने ऐंशी पानांचा चौकशी अहवाल उघड केला. त्या रात्री खेळाडूंची अध्यक्ष आणि क्रीडासंचालकांशी बैठक झाली आणि शनिवारी सकाळी बहिष्कार मागे घेतल्याचे निवेदन वाचून दाखवण्यात आले. लैंगिक अत्याचाराला आपल्या विद्यापीठात थारा नाही, असे त्यात म्हटले होते. दहा जणांना न्याय्य सुनावणी मिळेल, असे आश्वासन त्यांना मिळाले. निलंबन मात्र मागे घेण्यात आले नाही. म्हणजे दीड दिवसात संघ आपल्या मूळ भूमिकेपासून मागे आला. मुलांना मागे येता आले, कारण ती मुले होती आणि चुकल्यावर सुधारण्याची मुभा त्यांना होती. प्रशिक्षकाचे वाक्य मात्र लिहिले गेले ते गेलेच.

आता त्या वाक्याकडे तक्रारदार विद्यार्थिनीच्या जागी बसून पाहा. ती त्याच विद्यापीठात शिकत होती. त्याच आवारातून ती वर्गात जात होती, तिच्या वर्गमित्रांच्या अंगावर संघाच्या रंगाचे कपडे होते. त्या रात्री हातातल्या फोनवर तिला असे वाचायला मिळाले असेल, की विद्यापीठातल्या सर्वांत प्रसिद्ध कर्मचाऱ्यांपैकी एकाला या बहिष्काराचा अभिमान वाटतो आणि त्यामुळे जग अधिक चांगले होणार आहे. त्या जगात तिची जागा कुठे होती? क्लेज यांच्या मनात तसे काही नव्हते, हे मी मानायला तयार आहे. आपला पाठिंबा योग्य प्रक्रियेच्या मागणीला होता, असे त्यांनी नंतर स्पष्टही केले आणि अत्याचारपीडितांच्या मदतीसाठी पन्नास हजार डॉलर देण्याचे जाहीर केले. पण त्या एका वाक्यात तिच्यासाठी एक शब्दही नव्हता, आणि प्रशिक्षक हा आपल्या संघापुरता पालक असला तरी विद्यापीठाचा तो नोकर असतो आणि ती विद्यार्थिनीही त्या विद्यापीठाचीच होती.

आणखी एक बाजू आहे, तिच्याकडे फारसे लक्ष गेले नाही, आणि आपण स्वतः खेळ शिकवलेला असल्यामुळे ती आपल्याला चटकन जाणवेल. कोण मैदानावर उतरेल, कोण बाकावर बसेल, कोणाची शिष्यवृत्ती पुढे चालू राहावी यासाठी कोण शब्द टाकेल, हे सगळे प्रशिक्षकाच्या हातात असते. त्याने एकदा जाहीर पाठिंबा दिला, की संघातल्या ज्या मुलाला मनातून हा बहिष्कार पटलेला नाही, त्याचे तोंड बंद होते. संघ एकजुटीने उभा होता असे आपण म्हणतो, पण अशा परिस्थितीत एकजूट आणि दबाव यांतला फरक बाहेरून ओळखता येत नाही. प्रशिक्षक गप्प राहिला असता, तर निदान त्या मुलाला हात वर करून दोन प्रश्न विचारता आले असते.

क्लेज यांनी काय म्हणायला हवे होते? माझ्या मते, एवढेच: या मुलांना काय वाटते ते मी ऐकले आहे, त्यांना आपले मत मांडण्याचा हक्क आहे, चौकशीत काय आढळले ते मला माहीत नाही आणि माहीत असते तरी सांगता आले नसते, ज्या विद्यार्थिनीने तक्रार केली आहे, तिच्याविषयी माझ्या संघातील कोणी वावगा शब्द काढणार नाही, याची जबाबदारी माझी. यातून मुलांची साथ सुटली नसती. अध्यक्षांच्या दारात बसून सुनावणीची तारीख, पद्धत आणि अपिलाची सोय यांविषयी त्यांना जाब विचारण्याचा मार्गही मोकळा राहिला असता, आणि मुलांसाठी भांडायचे तर ते तिथेच भांडायला हवे होते.

नोकरी गेली ती केवळ त्या वाक्यामुळे, असे म्हणणे बरोबर होणार नाही. संघाची संस्कृती बदलण्याची गरज असल्याचे कॉइल यांनी सांगितले, आणि ते ट्वीट उपयोगी पडले नाही, असेही ते म्हणाले. पुढे विद्यापीठाने बाहेरच्या वकिलांकडून करवून घेतलेल्या आढाव्यात प्रशिक्षकवर्गाचे नेतृत्व कमकुवत पडल्याचा ठपका ठेवला गेला. मैदानावर मात्र त्यांचा हंगाम चांगला होता: नऊ विजय, चार पराभव, आणि हॉलिडे बाऊलमध्ये वॉशिंग्टन स्टेटवर १७–१२ अशी मात. ज्या संघाला त्यांनी त्या दिवशी हरवले, त्याच वॉशिंग्टन स्टेटने २०१८ च्या जानेवारीत त्यांना बचावफळीचे प्रशिक्षक म्हणून घेतले.

प्रश्न : सरकारी वकिलांनी खटला भरण्यास नकार दिला, म्हणजे पुरावा नव्हता. मग विद्यापीठाला शिक्षा करण्याचा अधिकार कोठून आला? हा मुलांवर अन्याय नव्हे काय?

खटला भरण्यास नकार देणे म्हणजे घटना घडलीच नाही असे म्हणणे नव्हे. फौजदारी न्यायालयात वाजवी संशयाला जागा उरणार नाही इतका पुरावा लागतो आणि तेवढा आपल्याजवळ नाही, एवढेच सरकारी वकिलांचे म्हणणे असते. मिनेसोटात अहवाल बाहेर आल्यावर त्यांनी प्रकरण पुन्हा तपासले आणि ३० डिसेंबरला दुसऱ्यांदा खटल्यास नकार दिला. त्याच वेळी अहवालात वर्णन केलेले वर्तन निंद्य असल्याचेही ते म्हणाले. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

विद्यापीठाचा अधिकार वेगळ्या वाटेने येतो. १९७२ चा टायटल नाइन हा कायदा संघीय सरकारचे पैसे घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगाधारित भेदभावास मनाई करतो आणि लैंगिक छळाची दखल न घेणे हाही त्यात भेदभावच मानला जातो. विद्यापीठ कोणाला तुरुंगात पाठवू शकत नाही. कोण आपल्या आवारात शिकेल आणि कोण आपल्या नावाने खेळेल, एवढेच ते ठरवते. म्हणून तिथे पुराव्याचे पारडे कोणत्या बाजूला जड आहे, एवढे पाहणे पुरेसे मानले गेले. २०११ मध्ये शिक्षण विभागाने देशभरच्या संस्थांना पत्र पाठवून हेच मोजमाप वापरण्यास सांगितले होते आणि मिनेसोटाची चौकशी त्याच काळातली आहे.

तरीही आपली शंका मी झटकून टाकणार नाही. मोजमाप सैल असेल, तर प्रक्रिया अधिक घट्ट असायला हवी, आणि तशी ती नेहमी नव्हती. २०११ चे पत्र २०१७ मध्ये मागे घेतले गेले. २०२० च्या नियमांनी महाविद्यालयांत प्रत्यक्ष सुनावणी आणि सल्लागारामार्फत उलटतपासणी सक्तीची केली. २०२४ चे नवे नियम जानेवारी २०२५ मध्ये केंटकीतील संघीय न्यायालयाने रद्द ठरवले. दहा-पंधरा वर्षांत नियम इतक्या वेळा फिरले, यावरूनच या प्रश्नाचे सर्वमान्य उत्तर अजून सापडलेले नाही हे दिसते. मिनेसोटातले निलंबित झालेले दहाही खेळाडू कृष्णवर्णीय होते, आणि अमेरिकेच्या इतिहासात कृष्णवर्णीय पुरुषांना अशा आरोपांवरून अनेकदा पुराव्याविनाच शिक्षा झाल्या, हे पाहता त्यांच्या कुटुंबांना वाटलेली धास्ती अनाठायी म्हणता येत नाही. जानेवारी २०१७ मध्ये सुनावणी झाली, काहींची शिक्षा कायम राहिली आणि काही निर्दोष ठरले. नंतर त्यांच्यापैकी काहींनी विद्यापीठावर दावा दाखल केला. जिल्हा न्यायालयाने तो फेटाळला, पण २०२१ मध्ये अपील न्यायालयाने लिंगाधारित भेदभावाचा त्यांचा मुद्दा ऐकला जावा असा निर्णय दिला. सुनावणीतून काही जण निर्दोष सुटले, याचा अर्थ सुनावणीची गरज होती असा मी घेते. दहाही जणांची सरसकट बाजू घेणारा बहिष्कार आणि दहाही जणांना सरसकट दोषी ठरवणारी चर्चा, दोन्ही सारख्याच घाईच्या होत्या.

प्रश्न : २०१५ मध्ये मिझुरी विद्यापीठाच्या खेळाडूंनी बहिष्कार घातला, तेव्हा त्यांच्या प्रशिक्षकांनीही उघड पाठिंबा दिला होता आणि त्यांचे कौतुक झाले. एकाला शाबासकी आणि दुसऱ्याला घरचा रस्ता, हा दुजाभाव नाही का?

आपण फार योग्य तुलना केली आहे. कोलंबिया शहरातील त्या विद्यापीठात वर्णद्वेषाच्या घटनांकडे प्रशासन दुर्लक्ष करते, या तक्रारीवरून एका विद्यार्थ्याने २ नोव्हेंबर २०१५ पासून उपोषण सुरू केले होते. ७ तारखेला कृष्णवर्णीय खेळाडूंनी जाहीर केले, की अध्यक्ष टिम वुल्फ पायउतार होईपर्यंत आपण खेळणार नाही. दुसऱ्या दिवशी प्रशिक्षक गॅरी पिंकेल यांनी संपूर्ण संघासोबतचे छायाचित्र प्रसिद्ध करून पाठिंबा दिला आणि ९ तारखेला वुल्फ यांनी राजीनामा दिला. ब्रिगॅम यंग विद्यापीठाविरुद्धचा पुढचा सामना सोडला असता, तर विद्यापीठाला दहा लाख डॉलर भरावे लागले असते.

दोन्ही ठिकाणी खेळाडू, बहिष्कार आणि ट्वीट आहेत, पण दोन्हींचा रोख सारखा नाही. मिझुरीत बोट वरच्या दिशेने होते, विद्यापीठातल्या सर्वांत सत्तावान माणसाकडे, आणि त्याच्याजवळ उत्तर देण्याची सगळी साधने होती. मिनेसोटातही बोट अध्यक्षांकडेच होते, पण त्याचा भार जाऊन पडला तो एका विद्यार्थिनीवर, जिला निवेदन वाचायला व्यासपीठ नव्हते आणि मागे उभा राहायला संघ नव्हता. पिंकेल यांच्या कृतीवरही टीका झाली. प्रशिक्षकाने विद्यापीठाचा अध्यक्ष घालवण्याच्या मागणीत पडावे का, हा प्रश्न रास्त आहे आणि माझे मत तिथे पूर्णपणे त्यांच्या बाजूने नाही. पण त्यांच्या पाठिंब्यामुळे कोणा तक्रारदाराची तक्रार खोटी ठरत नव्हती. मला हा फरक निर्णायक वाटतो.

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेतील एका विद्यापीठात शिष्यवृत्तीवर खेळतो. त्याच्या दोन संघसहकाऱ्यांना गैरवर्तनाच्या आरोपावरून निलंबित केले आहे आणि संघात बहिष्काराची भाषा चालू आहे. प्रशिक्षक मुलांच्या बाजूने आहेत असे तो म्हणतो. त्या दोघांपैकी एक त्याचा जवळचा मित्र आहे. त्याला काय सांगावे, ते मला सुचत नाही.

ताई, पहिली गोष्ट म्हणजे मित्राला सोडून दे असे त्याला सांगू नका. त्या मित्रावर आज जे आले आहे ते मोठे आहे, आणि त्याच्या खोलीवर जाऊन बसणे, त्याला जेवायला घेऊन जाणे, रात्री एकटे न ठेवणे, हे सगळे आपल्या मुलाला करता येईल आणि करावेही. अशा चौकशीत तक्रारदार आणि आरोपी या दोघांनाही आपल्या पसंतीचा सल्लागार सोबत नेण्याचा हक्क २०१३ पासून संघीय कायद्याने दिलेला आहे. मित्राला तो शोधायला मदत करणे ही बहिष्कारापेक्षा कितीतरी मोठी मदत ठरेल.

दुसरी गोष्ट, संघाच्या निवेदनावर त्याने न वाचता सही करू नये. त्यात केवळ न्याय्य सुनावणीची मागणी असेल, तर त्याला पटल्यास खुशाल करावी. निलंबन ताबडतोब रद्द करा असे असेल, तर त्याने शांतपणे विचारावे, की चौकशीत काय निघाले आहे हे आपल्यापैकी कोणाला माहीत आहे का. मतदान व्हायचे असेल, तर ते चिठ्ठ्यांवर गुप्तपणे घ्या, आणि त्या वेळी प्रशिक्षक खोलीत नसावेत, असे तो सुचवू शकतो. ही मागणी करायला कोणाच्या विरोधात जावे लागत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक आहे. मुलांचे फोनवरचे गट असतात आणि अशा दिवसांत तिथे तक्रार करणाऱ्या मुलीविषयी काहीबाही लिहिले जाते. त्याने त्यात एक अक्षरही लिहू नये, पुढे पाठवू नये आणि हसण्याचे चिन्हही टाकू नये. तक्रारदारावर सूड उगवणे टायटल नाइनखाली निषिद्ध आहे आणि ज्याचा आरोपाशी काडीचाही संबंध नव्हता, असा मुलगा अशा एका ओळीमुळे स्वतः चौकशीत सापडू शकतो. त्या रात्री त्याने काही पाहिले किंवा ऐकले असेल, तर चौकशी करणाऱ्यांनी विचारल्यावर त्याने ते जसेच्या तसे सांगावे, मग ते मित्राच्या फायद्याचे असो वा तोट्याचे. मात्र हे सगळे तो आधी प्रशिक्षकापाशी बोलला, तर ते तिथेच राहील असे समजू नये, कारण बहुतेक विद्यापीठांत प्रशिक्षकांवर अशी माहिती पुढे कळवण्याचे बंधन असते. मन मोकळे करायचे असेल, तर विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात जावे; तिथले बोलणे गोपनीय ठेवले जाते.

प्रशिक्षक मुलांच्या बाजूने आहेत, या वाक्याने त्याला धीर आला असेल. पण ते निलंबित मुलांसाठी नेमके काय करत आहेत, हे त्याने पाहावे. ते सुनावणीची तारीख विचारत असतील, मुलांना नियम समजावून देत असतील आणि तक्रारदाराविषयी बोलणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवत असतील, तर आपला मुलगा चांगल्या हातांत आहे. ते फक्त अभिमान व्यक्त करत असतील, तर त्याने आपला निर्णय त्यांच्या शब्दावर सोपवू नये.

त्याने मतदानात हात वर केला नाही आणि ते कळले, तर काही दिवस जेवणाच्या टेबलावर त्याच्याशेजारची खुर्ची रिकामी राहील. हे त्याला आधीच सांगून ठेवा, आणि त्या दिवसांत तिकडच्या रात्रीच्या वेळी, सराव आटोपून तो खोलीवर एकटा येतो तेव्हा, त्याला रोज फोन करा.